वाचक विचारतात: बाईंनी त्याला एकट्याला बसवलंय

प्रश्न: माझा भाचा सातवीत आहे, जन्मापासून एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. कुठून तरी शाळेत कळलं आणि आता बाईंनी त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवलंय, कबड्डीतूनही काढलं. काय करावं? (एक मावशी)

उत्तर: मावशी, सोबत बसून, डबा वाटून खाऊन, एकाच नळाचं पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही हो. कबड्डीत गुडघा फुटला तर कुठल्याही पोराचा फुटतो तसाच, ग्लोव्हज घालायचे, जखम धुवायची, पट्टी बांधायची, संपलं. २००९ मध्ये लातूरजवळच्या हासेगावात पालकांनी अशा मुलांना शाळेत नकोच म्हटलं होतं, पण आता २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात शिक्षणात भेदभावाला सरळ मनाई आहे आणि संमतीशिवाय कुणाला एचआयव्ही आहे हे सांगायलाही. बाई बहुतेक घाबरल्यात, वाईट नसतील, पण म्हणून पोराने का सोसायचं? आधी एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, समुपदेशकाशी बोला, मग त्याच्या आईवडिलांना घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात आजाराचं नाव लिहायची गरज नाही, वेगळं बसवलंय एवढंच लिहा.