उणे १९ लिटर

प्रश्न : बाई, मुलीला मिश्रणाची उदाहरणं शिकवताना मीच अडकलो. २०% आणि ५०% आम्लाची दोन द्रावणं मिसळून ३०% आम्लाचं ३० लिटर द्रावण करायचंय. मी क्ष + य = ३० आणि २०क्ष + ५०य = ३० अशी समीकरणं मांडली. उत्तर आलं क्ष = ४९, य = –१९. तीनदा तपासलं, आकडेमोडीत चूक सापडत नाही.

उत्तर : सापडणारच नाही, आकडेमोड चोख आहे. घोळ दुसऱ्या समीकरणाच्या उजवीकडे आहे. डावीकडे तुम्ही शेकडेवारीला लिटरने गुणलंत आणि उजवीकडे नुसती शेकडेवारी ठेवलीत.

शेकडेवारीची बेरीज होत नाही, शुद्ध आम्लाची होते. पहिल्या द्रावणात ते ०.२क्ष लिटर, दुसऱ्यात ०.५य, आणि तयार मिश्रणात ३० चे ३०% म्हणजे ९ लिटर. म्हणून ०.२क्ष + ०.५य = ९. दशांशचिन्हं नकोत म्हणून दहाने गुणा : २क्ष + ५य = ९०. यातून २क्ष + २य = ६० वजा केलं की ३य = ३०. य = १०, क्ष = २०. पडताळा : ४ + ५ = ९.

मी वर्गात आधी तक्ता काढायला लावते. ओळी तीन : पहिलं द्रावण, दुसरं, मिश्रण. रकाने तीन : लिटर, शेकडा, आम्ल. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या बेरजा हीच तुमची दोन समीकरणं. मधल्या रकान्यात बेरीज करायला गेलं की मी फुली मारते. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

उत्तराचा अंदाजही आधी बांधता येतो. ३० हे २० पासून १० दूर, ५० पासून २० दूर. जे जवळचं ते जास्त लागणार, म्हणून प्रमाण २ : १.

मांडणी बरोबर असूनही ऋण उत्तर आलं, तर मागणीच अशक्य असते. याच द्रावणांतून ६०% चं ३० लिटर मागून बघा : क्ष = –१०, य = ४०. दोन्हींपेक्षा तीव्र मिश्रण होणार कसं?

(प्रयोगशाळेत लिटरची बेरीज इतकी सरळ नसते. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर अल्कोहोल ओतलं तर १०० पेक्षा कमी भरतं. पुस्तकातली उदाहरणं तिकडे काणाडोळा करतात, आपणही करू.)

आता मुलीला हे द्या : ५०% च्या १२ लिटर द्रावणात किती पाणी घातलं की ते ३०% होईल? पाण्याच्या ओळीत शेकडा ०. उत्तर ८ लिटर यायला हवं.