भातशेतीमुळे पण हवा तापते म्हणतात, खरं आहे का?

हो, खरं आहे. आमच्या खानापूर भागात रोप लावणीनंतर शेतात पाणी तुंबून असतं ना, त्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, मग तिथले जिवाणू कुजक्या काडीकचऱ्यापासून मिथेन बनवतात आणि तो बराचसा भाताच्या रोपातूनच वर हवेत येतो. हा गॅस 100 वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरतो, पण 12 एक वर्षांत विरतो. म्हणून शेतकऱ्याला दोष देऊ नका हं, मुख्य कारण कोळसा-डिझेलच, हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखाने येण्याआधीच्या 280 वरून 420 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) वर गेलाय आणि तो शेकडो वर्षं टिकतो. बोअरचं पाणी असेल तर मधेमधे शेत सुकू द्या, मिथेन बराच कमी होतो, पाणीपण वाचतं.