चेंडू लागला म्हणून आजी विसरत नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. आठ वर्षांच्या ओमला त्या ‘बाळू’ म्हणतात. बाळू हा त्यांचा लहानपणीच गेलेला भाऊ. गेल्या महिन्यात त्यांनी तेरा वर्षांच्या सईवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. तेव्हापासून सई मैत्रिणींना घरी आणत नाही. हे म्हणतात, ‘म्हातारपण आहे, एवढंच सांग पोरांना.’ मी काय सांगू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं ते सांगा, आणि आजाराचं नाव घेऊन सांगा. ‘म्हातारपण’ म्हटलं की मुलं शेजारच्या ऐंशीच्या आजोबांकडे बघतात. ते तर रोज पेपर वाचतात, दुधाचा हिशेब ठेवतात. मग आपल्याच आजीला काय झालं, याचं कारण मुलं मनाशी शोधत बसतात.

माझ्याकडून हेच चुकलं. माझ्या आईला हा आजार झाला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. एकदा दिवेलागणीला आई त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘हे कुणाचं पोर? अंधार पडला, घरी पाठवा त्याला.’ मी पोळ्या लाटत होते, हसण्यावारी नेलं. थोड्या वेळाने बघते तर हा जिन्यात बसलेला. पायात बूट, मांडीवर दप्तर. खूप दिवसांनी त्याने सांगितलं, की खेळताना त्याचा प्लास्टिकचा चेंडू आजीच्या डोक्याला लागला होता. तेव्हापासूनच आजी विसरायला लागली, असं त्याने धरलं होतं. इतके दिवस ते पोर हे एकटंच मनात घेऊन वावरत होतं.

म्हणून ओमला आधी हे सांगा : तू काही केल्यामुळे हे झालेलं नाही, आणि आजीजवळ बसल्याने तुला ते होणार नाही. नव्या आठवणी साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग लागतो. हा आजार बहुधा त्याच भागाला लवकर गाठतो. त्यामुळे आजीला सकाळचा चहा आठवत नाही, पण लहानपणीचा बाळू आठवतो. ‘बाळू’ म्हटल्यावर ‘ओ’ द्यायची की नाही, हे मात्र ओमला ठरवू द्या. ‘आजी, मी ओम,’ असं एकदा म्हणून तो खेळायला गेला तरी हरकत नाही. आणि आल्यागेल्या पाहुण्यांची ‘ओळखा बरं मी कोण’ ही परीक्षा कृपा करून बंद करा. त्या परीक्षेत आजी नापास होताना मुलं बघत असतात.

सई मोठी आहे. तिला थोडा इतिहास सांगा. १९०१ मध्ये फ्रँकफर्टला डॉ. अल्झायमर यांनी पन्नाशीतल्या एका बाईंना तपासलं. त्यांच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावर खोटा संशय घेण्यापासून झाली होती. १९०६ मध्ये त्या गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली आणि हा आजार जगापुढे मांडला. म्हणजे संशय हा या आजाराचाच भाग आहे, सईबद्दलचं आजीचं मत नव्हे. आळ बहुतेकदा जवळच्याच माणसावर येतो. पुन्हा असं झालं तर सईने वाद घालू नये. ‘चल आजी, शोधू या,’ म्हणावं, चार खण उघडावेत आणि हळूच दुसरा विषय काढावा. आजी चिडली तर तिथून निघून तुमच्याकडे यावं. नातीने आजीची राखण करायची नसते.

आजी बरी होईल का, असं मुलं विचारतीलच. नाही म्हणून सांगा. औषधांनी काही जणांना काही काळ थोडं सावरता येतं, पण आजार जात नाही. बाबांनाही होईल का? आईला झाला म्हणून मुलाला होतोच असं नाही. उतारवयात सुरू होणारा अल्झायमर सहसा असा थेट वारशाने येत नाही.

या रविवारी दोघं मिळून मुलांशी बोला. आई त्यांची आहे, तेव्हा यजमानांनी तिथे असायलाच हवं; बोलताना त्यांचे डोळे भरून आले तरी येऊ देत. सईला पाटल्यांचं मात्र आज रात्रीच सांगा. तिच्यासाठी रविवार फार लांब आहे.