‘अनकॅरॅक्टरिस्टिक’ कुठं लावायचं

भावा, काही वेगळं दिसलं की लगेच इंग्रजीत ‘अनकॅरॅक्टरिस्टिक’ (uncharacteristic, म्हणजे एखाद्याच्या नेहमीच्या सवयीला सोडून असलेलं) लिहू नकोस. रोज पहाटे तालमीत पहिला हजर असणारा गडी आठवडाभर फिरकलाच नाही, तर ते वागणं अनकॅरॅक्टरिस्टिक. माप त्याच्याच सवयीचं, गावाचं नव्हे. भर उन्हाळ्यात कायम कोट घालून रंकाळ्यावर फिरणारा मात्र ‘एक्सेंट्रिक’, म्हणजे विक्षिप्त. त्याची ती रोजचीच तऱ्हा.

हमखास चुकतं ते ‘ही इज अनकॅरॅक्टरिस्टिक’ इथं. हे विशेषण माणसाला नाही, त्याच्या वागण्याला लागतं. म्हणून ‘इट वॉज अनकॅरॅक्टरिस्टिक ऑफ हिम टू बी लेट’. पुढं सहसा ‘ऑफ’ येतं. बडबड्या माणूस गप्प बसला, तर ‘ही वॉज अनकॅरॅक्टरिस्टिकली क्वाएट’. बोलताना जोर ‘रिस’वर, आणि सी-एचचा उच्चार ‘क’. बोलीत एवढं लांब नको वाटलं, तर ‘नॉट लाइक हिम’ म्हण, चालतंय की!