वाचकांचे प्रश्न : दाखला, दावा आणि जुना कागद

गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये आदिवासींच्या हक्कांविषयीचे प्रश्न इतके वाढले, की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि पत्रांचा आशय तेवढा दिला आहे.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविषयी वर्गात बोलत असताना एका पावरा विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग आपल्याकडं जे होतं, त्याला काय म्हणायचं?" मला नीट उत्तर देता आले नाही. आदिवासींच्या वाट्याला आलेल्या विषमतेला वंशभेद म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि १९६८ मध्ये भारताने त्यावर शिक्कामोर्तब केले. या कराराच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण आणि वांशिक मूळ यांच्या बरोबरीने जन्मकुळावरून केलेला भेदही वांशिक भेदभाव मानला आहे, आणि हा जन्मकुळाचा उल्लेख त्यात यावा अशी सूचना भारतानेच केली होती. पुढे जातीचा प्रश्न त्या शब्दाच्या कक्षेत येतो का, असे विचारले गेले तेव्हा मात्र आपल्या सरकारने 'येत नाही' अशी भूमिका घेतली आणि २००१ मधील डर्बन येथील जागतिक परिषदेतही ती सोडली नाही. म्हणजे ज्या शब्दाचे घर आपण बांधले, त्यात राहायला जायची वेळ येताच आपण नकार दिला. आपल्या विद्यार्थ्याला एवढे सांगितले तरी त्याचा प्रश्न अस्थानी नव्हता, हे त्याला कळेल.

फरकही सांगायला हवा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत भेद कायद्याच्या पुस्तकातच लिहिलेला होता. आपल्याकडे तसा लिहिलेला भेद इंग्रजांच्या काळातला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंदवही ठेवली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची जागा राज्यांच्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली, आणि गावात चोरी झाली की पहिली चौकशी पारध्यांच्या पालावर करण्याची सवय कोणत्याही दुरुस्तीने गेलेली नाही. खानदेशातील भिल्लांसाठी तर १८२५ मध्येच स्वतंत्र एजन्सी आणि भिल्ल पलटण उभारण्यात आली होती. राज्यकर्त्यांच्या लेखी हा समाज आधी बंदोबस्ताचा विषय होता आणि कल्याणाचा विषय फार नंतर झाला.

१९५० नंतरचे कायदे आदिवासींच्या बाजूने उभे आहेत. तरीही २०११ च्या जनगणनेत ज्या नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते, तोच जिल्हा साक्षरतेत राज्यात तळाला होता. राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे असताना नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास होती. कायदा बाजूने असताना असे का व्हावे, याचे माझे उत्तर असे, की आपल्याकडचा भेद दारावर 'प्रवेश नाही' अशी पाटी लावत नाही. तो पुरावा मागतो, आणि ज्याच्या आजोबाला कोणी कधी कागदावर घेतलेच नाही, त्याच्याकडे तो सर्वांत जास्त मागतो. पुढची पत्रे त्याचीच उदाहरणे आहेत.

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातील तडवी भिल्ल. माझ्या मुलीचा जमातीचा दाखला पडताळणीसाठी पाठवायचा आहे. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने तिचे नाव वाचून "तुम्ही तर मुसलमान, अल्पसंख्याकांत जा, आदिवासींत कशाला येता?" असे सुनावले. आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'तडवी' असे लिहिलेले आहे. आमचा हक्क खरोखरच जातो का?

उत्तर : जात नाही, आणि त्या कर्मचाऱ्याचे विधान कायद्याच्या दृष्टीने सरळ चूक आहे. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आढळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. आरंभी त्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या, १९५६ मध्ये त्यांत शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी कोणतीही अट नाही. जमात ही राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाखालील यादीवरून ठरते, आणि महाराष्ट्राच्या यादीत भिल्ल या नोंदीखाली पावरा, वसावे, भिलाला, डुंगरी गरासिया यांच्या पंक्तीला 'तडवी भिल्ल' हे नाव स्पष्ट छापलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यात राहणारे आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या इस्लाम पाळतात आणि तिकडे अक्कलकुवा भागातील तडवी हिंदू आहेत. यादीला त्याच्याशी कर्तव्य नाही. नावावरून धर्म आणि धर्मावरून जमात ठरवणे हे त्या कर्मचाऱ्याचे काम नव्हते.

खरी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे, म्हणजे नुसत्या 'तडवी' या नोंदीत. भिल्लांमध्ये तडवी हे गावच्या म्होरक्याचेही नाव होते, त्यामुळे ही नोंद जमातीची की मानाची, असा प्रश्न पडताळणी समितीचे दक्षता पथक उपस्थित करू शकते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची मानली जाते आणि त्यापूर्वीच्या नोंदींना जास्त वजन असते. म्हणून एका दाखल्यावर अवलंबून राहू नका. आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. जुनी पाने मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरचा मूळ उतारा घ्या, कारण दाखल्यावर गाळलेला शब्द रजिस्टरात कधी कधी सापडतो. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांना, आधीच वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र सर्वांत वर लावा.

दक्षता पथक घरी येऊन लग्नाच्या चालीरीती, दैवते, सण यांविषयी विचारेल. याला आप्तभाव चाचणी म्हणतात आणि ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ मधील माधुरी पाटील प्रकरणाच्या निकालातून आली आहे. जळगावच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलीला पणजीच्या काळची गाणी येत नाहीत, म्हणून तिची जमात पुसली जाते, असा तिचा अर्थ लावला जाऊ लागला होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की ही चाचणी जमात ठरवण्याची एकमेव कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती अनिवार्यही नाही. हा निकाल अर्जासोबत जोडा.

ही सगळी कडक व्यवस्था निष्कारण उभी राहिलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या राखीव जागा बळकावल्या गेल्या, म्हणूनच २००० सालचा महाराष्ट्राचा पडताळणी कायदा आला, आणि अशा दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. परंतु लबाडाने केलेल्या चोरीचा जाच खऱ्या आदिवासीलाच सोसावा लागतो. आधी त्याची जागा जाते आणि मग त्याच्याच अंगणात चौकशी येते.

प्रश्न : मी तळोदा तालुक्यातील बिगरआदिवासी शेतकरी आहे. बारा वर्षांपूर्वी एका भिल्ल कुटुंबाकडून चार एकर जमीन स्टॅम्पपेपरवर लिहून घेतली, पैसे पूर्ण दिले, आणि तेव्हापासून मीच कसतो. सातबारा माझ्या नावावर कसा होईल?

उत्तर : होणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकत घ्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते आणि ती देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना शासनाची मान्यता घ्यावी लागते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाणही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय चालत नाही. अशा व्यवहाराची चौकशी जिल्हाधिकारी स्वतःहूनही सुरू करू शकतात. पैसे प्रामाणिकपणे दिले, हा आपला मुद्दा मी समजू शकते, पण हा कायदा कोणत्या भूमीतून उगवला हे आपल्याच भागातील वडीलधाऱ्यांना विचारावे. चिमूटभर कर्जापोटी जमीन गेली आणि मालक त्याच शेतात सालदार झाला, अशा कुटुंबांना घेऊन भिल्लांचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना शहादा-तळोदा परिसरात उभी राहिली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ मध्ये झाला, तो याच काळात. आपण वकिलांच्या सल्ल्याने त्या कुटुंबाशी व्यवहार मिटवून घ्यावा, हेच शहाणपणाचे आहे.

प्रश्न : धडगाव तालुक्यातील आमच्या पाड्यावर वीसेक घरे वनजमीन कसतात. माझ्या वडिलांचा वनहक्क दावा 'दंडाची पावती नाही आणि उपग्रह नकाशात शेती दिसत नाही' एवढ्याच कारणावरून फेटाळला गेला, असे आम्हाला तोंडी कळले. आता जमीन सोडावी लागेल का? पुढे काय करावे?

उत्तर : या पत्रातील दंडाच्या पावतीचा मुद्दा वाचून मी क्षणभर थांबले. वनजमीन कसणाऱ्याला कर्मचाऱ्याने पकडून दंड केला असेल आणि पावती दिली असेल, तर तीच पावती आज कसणुकीचा भक्कम पुरावा ठरते. ज्याच्याकडून दंडाऐवजी कोंबडी नेली गेली, त्याच्याकडे दाखवायला काय असणार?

२००६ च्या वनहक्क कायद्यात हे ओळखलेले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला मिळू शकते. नियम १३ मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे. तीत सरकारी कागदांबरोबर घर, झोपडी, बांधबंदिस्ती, विहीर, स्मशान, देवस्थान यांसारख्या जमिनीवरील खुणा आणि दावेदार वगळता गावातील अन्य वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब यांचाही समावेश आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतात, त्यांची जागा घेण्यासाठी नाही. सातपुड्याच्या उतारावर दगडांत ज्वारी-भगर पेरलेली तुकड्यातुकड्यांची शेती आकाशातून शेतासारखी दिसावी, ही अपेक्षाच मुळात सपाटीवरच्या माणसाची आहे.

तोंडी नकाराला कायद्यात किंमत नाही. दावा फेटाळल्याचा निर्णय कारणांसह लेखी कळवावा लागतो आणि त्यापूर्वी दावेदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तसेच उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला दावा अपुरा वाटला, तर तो तेथेच निकालात काढण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे दुरुस्त नियम सांगतात. म्हणून उपविभागीय अधिकारी कार्यालयाकडे निर्णयाची प्रत लेखी अर्जाने मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची आहे, त्यामुळे प्रत हाती पडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा.

जमीन सोडू नका. दाव्याची पडताळणी आणि हक्कमान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वनवासींना जमिनीवरून काढता येत नाही, असे कलम ४(५) मध्ये म्हटले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याविषयी दिलेला आदेशही त्याच महिन्याच्या अखेरीस स्थगित झाला होता.

दरम्यान गावातच करण्यासारखे काम आहे. वनहक्क समितीकडून पुन्हा स्थळपाहणीची मागणी करा आणि त्या दिवशी वन व महसूल कर्मचाऱ्यांना हजर राहण्याची लेखी सूचना जाईल, हे पाहा. पाड्यावरील सर्वांत वयस्क दोन-तीन माणसांचे जबाब पावरी बोलीत ऐकून मराठीत उतरवून घ्या आणि ते त्यांना वाचून दाखवल्यानंतरच अंगठा किंवा सही घ्या. शेताच्या बांधावरील जुनी मोहाची झाडे कोणी आणि साधारण कोणत्या दुष्काळाच्या आगेमागे लावली, एवढे तपशील जबाबात यायला हवेत. दाव्यात आईचे नाव आहे का, तेही तपासा, कारण विवाहितांच्या बाबतीत हक्क पती आणि पत्नी अशा दोघांच्या नावे नोंदवायचा असतो आणि खानदेशातील जे दावे मी पाहिले, त्यांतल्या बऱ्याच अर्जांत ही ओळ कोरीच राहिलेली असते.