गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, गॅरेजवाला म्हणतो हेड उघडावं लागेल. आधी काय चेक करू?

तुम्ही लिहिलंय की जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, हायवेला टेम्परेचरचा काटा मधे असतो, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की वर चढतो, गाडी पळायला लागली की परत खाली येतो, अधूनमधून थोडं कुलंट (इंजिन गार ठेवणारं लिक्विड) टाकावं लागतं आणि गॅरेजवाल्याने बघताक्षणी हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) गेलंय असं सांगितलं. गॅरेजलाईनमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, आत्ता हेडला हात लावू देऊ नका. गाडी का तापते हे नंतर, ती कधी तापते ते आधी बघायचं, निम्मं निदान तिथेच होतं.

गाडी पळत असताना समोरून वारा येतो, रेडिएटर त्याच्यावरच थंड होतो. उभी राहिली की वारा बंद, मग सगळं काम फॅनचं. म्हणजे उभ्या गाडीत तापते आणि पळताना नॉर्मल होते याचा सरळ अर्थ फॅन बिघडलाय नाहीतर रेडिएटरची जाळी बुजलीय. याच्या उलट सिग्नलला काही नाही पण खंबाटकी घाट चढताना काटा वर जातोय, असं असतं तर मी फॅन सोडून रेडिएटर आतून चोक झालाय का, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा वाल) अर्धवट उघडतोय का, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) पाणी नीट फिरवतेय का, हे बघितलं असतं. तुमची केस तशी दिसत नाही.

एक गोष्ट आठवून बघा, सिग्नलला उभं असताना एसी गरम हवा मारतो आणि गाडी हलली की परत गार होतो का? होत असेल तर फॅनच धरा, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना वारा तोच फॅन देतो. आता बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून एसी लावा (ओढणी, टाय, हात लांब ठेवा). थोड्या वेळात फॅन फिरायला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट सोडणारा छोटा स्विच), त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा वगैरे सेम नंबरचा रिले असतो तो अदलाबदल करून बघा, तरी नाही तर फॅनच्या मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्यायचा, तिथे फिरली तर मोटर चांगली आहे आणि वायरिंगमध्ये लोचा आहे. एसीवर फिरतो पण एसी बंद ठेवून काटा वर गेला तरी लागत नाही, असं असेल तर टेम्परेचर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर. आणि फॅन फिरतोय म्हणजे झालं असं नाही हं, कार्बन ब्रश झिजले की मोटर फिरते पण दमल्यासारखी, लोक बघतात फिरतोय आणि पुढे जातात. एक साधा कागद पुढच्या जाळीला धरा, फॅन जोरात असेल तर कागद ओढून चिकटून बसतो, खाली पडला तर फॅनमध्ये दम नाही किंवा जाळी बुजलीय. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत चिखल, किडे, पिसं असलं काय काय अडकतं, ते पुढून दिसतसुद्धा नाही. मागून पुढे हलक्या प्रेशरने पाणी मारायचं, वॉशिंग सेंटरचा फुल प्रेशर मारला तर पत्र्याच्या पापण्या आडव्या होतात आणि मग वारा जायचाच बंद.

आता कुलंट कुठे जातंय. इथे पहिला संशय रेडिएटरच्या टोपणावर, कारण सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आणि बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. कुकरचंच तत्त्व आहे, टोपणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, तो दाब धरला तर आतलं साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, दाब धरला नाही तर १०० लाच. टोपणाचं रबर कडक झालं, चिरलं की कुलंट बाजूच्या जादा कुलंटच्या बाटलीत ढकललं जातं आणि तिथून बाहेर. टोपणाच्या मधोमध एक छोटा उलटा वाल पण असतो, इंजिन गार होताना तो बाटलीतून कुलंट परत ओढून घेतो. सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होस पाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर हा वाल जाम झालाय असं समजा. टोपण बदला, पण आकडा तोच घ्या, आणि गरम गाडीवर टोपण कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजलेली माणसं बघितलीत मी. मग वॉटर बॉडीच्या खाली, होसच्या क्लॅम्पजवळ वाळलेला हिरवा-गुलाबी थर शोधा. गरम इंजिनवर थेंब लगेच उडून जातो आणि डाग तेवढा राहतो, म्हणून हे गाडी गार असताना सकाळीच बघायचं.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी कुलंट कमी होतंय, तर मग हेड गॅस्केटचं बोलू. त्याची साधी टेस्ट अशी, रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा आणि पहिल्या मिनिटभरातच वरचा होस दाबून बघा. इंजिन अजून गार आहे आणि होस दगडासारखा कडक, म्हणजे सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. गरम झाल्यावर होस कडक होणं मात्र नॉर्मल आहे, त्यावरून कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. ऑईलच्या टोपणाखाली पांढरट साय दिसली म्हणजे गॅस्केट गेलं असंही नाही, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की दमटपणाने ती येते, डिपस्टिकवरचं ऑईल पण दुधाळ असेल तर मात्र काळजी करा. खात्री पाहिजे तर ब्लॉक टेस्टर लावायला सांगा, रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड धरतात, ते पिवळं झालं तर गॅस येतोय.

अजून एक, "वाल काढून टाकतो, तापणार नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढणारे गल्लोगल्ली आहेत, काढू देऊ नका. इंजिन कायम थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर बायपास (रेडिएटर टाळून जाणारी आतली वाट) उघडा राहिल्यामुळे पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि उलट जास्त तापतं. संशय असेल तर काढून पातेल्यात गार पाण्यात टाका आणि थर्मामीटर धरून पाणी तापवत न्या, त्यावर ८२ किंवा ८८ असं लिहिलेलं असतं, त्याच्या आसपास उघडायला लागला तर चांगला आहे. आणि लिकेज बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड रात्री घाटात अडकलात तर ठीक, एरवी नको, रेडिएटरच्या बारीक नळ्या त्यानेच बुजतात. बोअरचं पाणी पण नको, क्षार धरतो, कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

तोपर्यंत गाडी चालवावीच लागली तर बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, तो हलला म्हणजे इंजिन आधीच बरंच तापलंय. एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, घाम येईल पण काटा उतरतो. लाल रेषेला गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. आणि वाफ येतेय पण काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका, कुलंट संपलंय आणि सेन्सर हवेत लटकतोय, तसंच पुढे दामटलं तर हेड बेंड होणार, लेथवर फेस मारायचा (हेड परत सपाट करून घ्यायचा) खर्च मग खरोखरच येईल.