चंबा रुमाल भरताना गाठ मारू नकोस

अगं, पहिल्याच कापडावर अख्खं रासमंडल घेऊ नकोस. एकच कृष्ण घे, निळा, पिवळ्या पीतांबरातला. हिमाचलातल्या या रुमालाचं सगळं मर्म दोरुखा टाक्यात आहे, सुलट-उलट दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून गाठ अजिबात मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच दडवायचं. माझ्या पहिल्या कृष्णाच्या बासरीमागे एक गाठ राहिली होती; सगळी बासरी उसवली. रेशीम बिनपिळाचं असतं, खरबरीत बोटाला लगेच अडकतं. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात हात घामेजतात, तेव्हा सकाळीच बस. चादरीवरची नक्षी मागावर विणतानाच उमटते, ही सुईने भरायची आहे, वेळ लागणारच. रेखाटन मात्र चांगल्या चित्रकाराकडून करून घे. तिकडेही पहाडी चित्रकारच कोळशाने आखून द्यायचे.